स्रोत : कारंडे, कुंदा, २०२७

माझं नाव दिवसातून तीस-चाळीस वेळा माझ्याच टेबलावर येतं. कुणाचा निरोप समारंभ असो, मंडळाचं उद्घाटन असो, नाहीतर तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा असो, भाषणाला मागं टाचलेल्या स्रोतपत्रात कुठंतरी एक ओळ असतेच : कारंडे, कुंदा, २०२७. मी ती वाचते, खाली सही करते, शिक्का मारते आणि पुढचा कागद ओढते. अकरा वर्षं हेच चाललंय. सुरुवातीला सही करताना मी ती ओळ तळहातानं झाकायचे. आता नुसता कंटाळा येतो. केलेल्या चुकीचाही कंटाळा येऊ शकतो, हे मला या नोकरीनं शिकवलं.

मी जिल्ह्याच्या भाषण पडताळणी कार्यालयात अधिकारी आहे. निवृत्तीला आठ महिने उरलेत. आमच्या खात्याशी ज्यांचा संबंध आलेला नाही अशी माणसं आता फारशी उरली नसतील, तरी थोडक्यात सांगते. यंत्रं भाषणं लिहून द्यायला लागली तेव्हा समोरच्याच्या तोंडातला शब्द नक्की कुणाचा हे ऐकणाऱ्याला कळेनासं झालं. एकाच शोकसभेत दोन विरोधी पक्षांच्या नेत्यांनी लागोपाठ एकच श्रद्धांजली वाचली, अगदी हुंदक्याच्या जागेसकट. लोक हसले, मग चिडले, मग कायदा आला. सरकारी जागेत पाच मिनिटांहून मोठं भाषण करायचं असेल तर ते चार दिवस आधी आमच्याकडे द्यायचं. आमचं यंत्र ते तपासतं. यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे, सगळे त्याला चाळण म्हणतात.

चाळण भाषणाचे सहा-सहा शब्दांचे तुकडे करते आणि इंटरनेटवरच्या तारीख असलेल्या प्रत्येक पानात ते शोधते. तुकडा ज्या पानावर सगळ्यात आधी सापडेल, ते पान त्याचा स्रोत. शब्द मागंपुढं केले, आईच्या जागी माता घातली, तरी तिला पत्ता लागतो. उसना मजकूर चाळीस टक्क्यांच्या वर गेला तर भाषणाआधी माईकवरून उद्घोषणा करावी लागते की यातला इतका मजकूर अमक्यांचा आहे. ती पडताळणीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यानं जाऊन करायची. जे इंटरनेटवर नाही ते चाळणीच्या लेखी जगातच नाही. वही, पत्र, म्हातारीनं सांगितलेली गोष्ट, यांना तिच्याकडे खाना नाही.

मंगळवारी सकाळी समीना मुल्ला एक अहवाल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ती आमच्याकडे चाळण चालवते, चौतीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा हुशार आहे.

"मॅडम, हे लिगाडे गुरुजी म्हणजे तुमचेच ना?"

माझेच. गुरुजींना एक्याऐंशी पूर्ण झाली म्हणून माजी विद्यार्थ्यांनी शनिवारी दुपारी शाळेच्या पटांगणात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरवलं होतं. गुरुजींनी पस्तीस वर्षं त्याच शाळेत काढली. त्या काळात आमच्या शाळेनं वक्तृत्वाच्या इतक्या ढाली आणल्या की कपाट कमी पडून त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत जमिनीवर ठेवल्या होत्या. सत्काराला उत्तर म्हणून गुरुजींनी आठ पानी भाषण हातानं लिहून पाठवलं होतं.

"एकाहत्तर टक्के आलंय," समीना म्हणाली. "आणि स्रोत..."

कागद माझ्याकडे फिरवला. मला तो बघायचीही गरज नव्हती.

दोन हजार सत्तावीस साली मी कॉलेजात शिकवत होते. बढतीसाठी ऑनलाइन प्रकाशन लागायचं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. गुरुजींची भाषणांची वही मी वाचायला म्हणून आणली होती. अडतीस भाषणं, सगळी शाळकरी पोरांनी म्हणायची, कुणाचंही नाव नाही. मी ती टाइप केली आणि एका पानावर चढवली. अर्जात एकच रकाना होता, लेखक. मी त्यात माझं नाव घातलं. गुरुजींना कुठं हे बघायचंय, असं मनाला सांगितलं. बढती मिळाली. पान मात्र माझ्या हातात राहिलं नाही. राज्यभरचे मास्तर त्यातून भाषणं उचलायला लागले, मग पुढारी, मग पुढाऱ्यांची यंत्रं. चाळण आली तेव्हा तिला सगळ्यात जुनी तारीख माझ्या पानाची सापडली. लेखणी न उचलता मी जिल्ह्यातली सगळ्यात मोठी लेखिका झाले.

आणि आता कायद्यानं मीच शाळेच्या पटांगणात उभी राहून तीन पिढ्यांसमोर सांगायचं होतं, की लिगाडे गुरुजींचं एकाहत्तर टक्के भाषण त्यांच्या विद्यार्थिनीचं आहे. खरं सांगितलं तर खोट्या स्रोताबद्दल नोकरी जाणार. आठ महिने उरले असताना.

दुपारी संपत खोतांचा फोन आला. ते माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष, शाळेत माझ्या एक वर्ष मागं होते. राज्य पातळीवरची फिरती ढाल आणणारा आमच्या शाळेचा एकमेव मुलगा. त्या ढालीवर ते पुढं सरपंच झाले आणि नंतरही बरंच काही.

"मॅडम, गुरुजींच्या भाषणाचं काय झालं?"

"तपासणी चालू आहे."

"माईकवरून काय वाचायबिचायला लावू नका हां. पत्रकार येणार हायत. टक्का जरा खाली घेता येतोय का बघा की."

"तो हातानं खाली घ्यायचा नसतो, खोतसाहेब."

"तसं नव्हं. तुम्ही आपल्यातल्याच, म्हणून म्हटलं."

मी फोन ठेवला आणि समीनाला माझ्या पानावरच्या अडतीसही भाषणांना दुसरी चाळण लावायला सांगितली.

दुसरी चाळण आम्ही सहसा लावत नाही, कारण तिला वेळ लागतो आणि तिचं मत न्यायालयात चालतं. पहिली चाळण शब्द कुठं छापला ते बघते. दुसरी तो कुणाच्या तोंडचा आहे ते बघते. त्यामागची कल्पना साधी आहे. मोठे शब्द माणूस निवडून वापरतो, ते कुणाकडूनही घेता येतात. पण मग, तर, नुसतं, तरी, ना, असले बारके शब्द निवडावे लागत नाहीत, ते आपोआप पडतात. कुणी दर तिसऱ्या वाक्याला मग म्हणतं, कुणी जन्मात म्हणत नाही. कुणी कारण आधी सांगतं, कुणी मागून. अशा दोनेकशे बारक्या सवयींचं प्रमाण काढलं की चालण्यावरून लांबूनही माणूस ओळखू यावा तसा बोलणारा ओळखू येतो. पूर्वी त्यासाठी हजारो शब्द लागायचे, आताच्या यंत्राला तीनचारशे पुरतात. वयानं ही सवय थोडी बदलते, पुरती जात नाही.

माझा हिशेब सरळ होता. भाषणं गुरुजींच्या हातची आहेत असं दुसऱ्या चाळणीनं सांगितलं की स्रोत बदलता येईल. तज्ज्ञ मत म्हणून मी सही करीन, माझ्या पानाला तांत्रिक चूक म्हणता येईल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. भित्र्या माणसाला शेवटपर्यंत एखादी फट सापडतेच.

बुधवारी दुपारी समीना परत आली. या वेळी तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

"मॅडम, ही भाषणं गुरुजींची नाहीत."

"मग?"

"प्रत्येकाची पहिली चार वाक्यं आणि शेवटची चार गुरुजींची. मधलं सगळं निरनिराळ्या माणसांचं. अडतीस भाषणं, अडतीस माणसं. सत्तावीस जणांचं काहीच जुळत नाही, त्यांचं इंटरनेटवर लिहिलेलं काही नसेल. दहा जण बऱ्यापैकी जुळतात. इथलेच आहेत, एक कंडक्टर आहे, एक नर्स." तिनं पान उलटलं. "आणि एक तुम्ही आहात."

"मी?"

"सोळावं भाषण. आईचं. तुमच्या गेल्या अकरा वर्षांच्या ऑफिस टिपणांशी ताडून बघितलं. ब्याण्णव टक्के."

मी म्हटलं, यंत्र चुकलं असेल. ते भाषण मी सातवीत म्हटलं होतं, हे खरं. पण ते गुरुजींनी मला लिहून दिलं होतं. पंचेचाळीस वर्षं मी असंच धरून चालले होते.

गुरुवारी रजा टाकून गावी गेले. गुरुजी पडवीत ज्वारी निवडत बसले होते. वाटेत सगळं ठरवलं होतं : शेजारी बसायचं, हळू आवाजात कबूल करायचं आणि पाया पडून निघायचं. पण त्यांच्या कानातलं यंत्र आत चार्जिंगला लावलेलं होतं.

"गुरुजी, वही माझ्या नावावर चढवली मी."

"काय चढवलीस?"

"तुमची वही. भाषणांची. माझं नाव घातलं."

"मोठ्यानं बोल गं कुंदे."

शेवटी मी ओरडून सांगितलं. बढती, रकाना, चाळण, एकाहत्तर टक्के, सगळं. शेजारच्या अंगणात मिरच्या वाळत घालणारी बाई हात थांबवून बघत राहिली. माझी आयुष्यातली एकुलती एक कबुली अख्ख्या आळीनं ऐकली.

गुरुजींनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"एवढंच व्हय? मला वाटलं कुणाचं काय बरंवाईट झालं."

"एवढंच काय गुरुजी. चोरी केली मी तुमची."

"माझी न्हाई केलीस. माझं नाव घातलं न्हाईस ते बरंच केलंस, ते माझं नव्हतंच. तुझं घातलंस ते वाईट केलंस." ते उठले. "ये आत."

आतल्या खोलीत पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. एका बाजूला घटक चाचणीच्या सायक्लोस्टाईल प्रश्नपत्रिका, दुसऱ्या बाजूला गुरुजींचं पेन्सिलीतलं अक्षर. कोपऱ्यात वर्ग, साल आणि हजेरी क्रमांक. नाव कशावरच नाही.

"मी भाषण लिहून देत नव्हतो कुणाला," गुरुजी म्हणाले. यंत्र कानात घातल्यावर त्यांचा आवाज खाली आला होता. "पोराला हौदाजवळ बसवायचं. विषय द्यायचा न्हाई. विषय दिला की पोरगं पुस्तकातलं बोलतंय. काल घरी काय झालं, एवढंच विचारायचं. ते बोलत राहायचं, मी लिहीत राहायचो. मग वहीत उतरवून पाठ करून घ्यायचं. 'सन्माननीय व्यासपीठ' आणि 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो', तेवढं माझं."

"आणि नाव का नाही लिहिलं?"

"एकदा लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी ते भाषण दुसऱ्या पोराला द्यायला गेलो तर पहिलं रडायला लागलं. माझं हाय म्हणून. मग बंद केलं. हजेरीपट हायतच की माझ्याकडं, म्हटलं कधी लागलं तर बघू." ट्रंकेच्या तळाशी हजेरीपटांची चळत होती. "आता लागायला लागलंय."

मी माझा कागद शोधला. सातवी ब, १९९६, सतरा. मागच्या बाजूला लसावि-मसाविची गणितं. पुढं असं होतं :

*माझी आई मागावर जाते. तिथं लई आवाज असतो म्हणून तिला हळू बोलताच येत नाही. घरात पण ओरडूनच बोलते. मग आमच्या घरात गुपित राहत नाही. आई नुसतं मीठ संपलं म्हणाली तरी गल्लीला कळतं. मला आधी लाज वाटायची. मग एकदा ती आजारी पडली आणि बोलेना, तर शेजारचे सगळे बघायला आले, की आज आवाज का नाही.*

हे मी विधानसभेच्या निवडणुकीत तीन उमेदवारांच्या भाषणांत वाचलंय. एका साबणाच्या कारखान्याच्या उद्घाटनाच्या भाषणात वाचलंय. प्रत्येक वेळी खाली माझं नाव होतं आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, गुरुजींना माझी आई किती कळली होती. ती मलाच कळली होती. बारा वर्षांची असताना मी हे बोलले होते आणि विसरून गेले होते. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी ट्रंकेशेजारी फरशीवर बसले आणि रडले. गुरुजी ज्वारीचं सूप घेऊन आत येऊन बसले.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "मग तुमच्या शनिवारच्या भाषणात हीच वाक्यं का घातलीत?"

"सगळी येणार हायत म्हणून. त्यांच्यासमोर त्यांचंच म्हणून बघायचं होतं, कुणाला ओळखू येतंय का." ते हसले. "तुझ्या त्या चाळणीला आलं म्हण की ओळखू."

शुक्रवारी सकाळी मी निवेदन लिहिलं. दोन हजार सत्तावीसच्या पानावरचं लेखक म्हणून असलेलं माझं नाव मागं घेते, ते मी जाणूनबुजून घातलं होतं. सोबत अडतीस कागदांचे फोटो, हजेरीपटाची पानं आणि अडतीस नावांची यादी. समीनानं ते वाचलं आणि पाठवायचं बटण दाबायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, आठ महिने."

"दाब."

"तुमचं एकटीचं सोळावं तरी ठेवू का? ते तर खरंच तुमचं आहे."

"यादीत आहे ना. त्यात राहू दे."

संध्याकाळी मुख्य कार्यालयाचा फोन आला. आवाज सभ्य होता. सोमवारपासून मी निलंबित. निवृत्तीचं पुढं बघू. शनिवारच्या उद्घोषणेसाठी दुसरा माणूस मिळण्यासारखा नव्हता, त्यामुळे ती मलाच करावी लागेल, असंही ते म्हणाले. टक्का बदलला नव्हता, स्रोत बदलला होता. चाळीसच्या वर असल्यामुळे स्रोत वाचणं भागच होतं.

शनिवारी पटांगण भरलं होतं. मंडपात पंखे फिरत होते, गुरुजींना फेटा बांधला होता आणि तो सारखा कानातल्या यंत्रावर घसरत होता. संपत खोतांनी प्रास्ताविक केलं. मग मला बोलावलं आणि बोलावताना नजर चुकवली. मी माईकसमोर उभी राहिले. मनात म्हटलं, हे एक झालं की झोपायचं.

"कायद्याप्रमाणे उद्घोषणा," मी म्हणाले. "गुरुजींच्या भाषणातला एकाहत्तर टक्के मजकूर पुढील व्यक्तींचा आहे. आजवर याखाली माझं नाव होतं. ते मी खोटं लावलं होतं." कुजबूज झाली. मी थांबले नाही, थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. "पाचवी अ, एकोणीसशे सत्याऐंशी, नऊ. बाळू लोहार."

मी पुढचं नाव घेणार तेवढ्यात मागून, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेतून, एक पांढऱ्या केसांचा माणूस अर्धवट उठला. काय करावं ते त्याला कळत नव्हतं. सवयीनं त्याच्या तोंडून निघालं :

"हजर."

लोक हसले. पण पुढच्या नावाला कुणी हसलं नाही. "सहावी ब, एकोणीसशे एक्याण्णव, बावीस. शकुंतला वायदंडे." "हजर." ती नर्स. काही नावांना उत्तर येत नव्हतं. एकाला बायकोनं उत्तर दिलं, ते गेले म्हणून. गुरुजी प्रत्येक नावाला मान हलवत होते. पुढ्यात हजेरीपट नव्हता, पण त्यांची बोटं टेबलावर एकेक ओळ खाली सरकत होती.

"सातवी अ, एकोणीसशे चौऱ्याण्णव, एकतीस. जैबुन नदाफ."

या मुलीचं भाषण सगळ्या राज्याला पाठ आहे. आमचा आजा सगळ्या गावाच्या गाद्या पिंजतो आणि आपण पोत्यावर झोपतो, असं ते सुरू होतं. कुणी उठलं नाही. मी पुढं सरकणार, तर शेजारून खोत पुढं आले. माझ्या हातातला माईक घेतला नाही, नुसते त्याच्याकडे वाकले.

"जैबुन नाही," ते म्हणाले. "सातवीतनं तिची शाळा सोडवली. तिचं भाषण मी म्हटलं आणि ढाल मला मिळाली. आमच्या आज्याच्या घरात बारा गाद्या होत्या." मग ते जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो माणूस आवडला.

यादी क्रमानं होती. सोळावं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, का ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

"सातवी ब, एकोणीसशे शहाण्णव, सतरा. कुंदा कारंडे."

कागदाची घडी घालून खाली उतरावं असं वाटत होतं. इतकी दमले होते की उतरलेही असते. पण गुरुजींनी घसरलेला फेटा वर केला, यंत्र कानात नीट बसवलं आणि वर्गात बघायचे तसे माझ्याकडे बघत राहिले. ते पुढच्या नावाची वाट बघत नव्हते. पुढचं नाव नव्हतंच.

"हजर," मी म्हणाले.

माईक समोर होता. तरी ओरडूनच म्हणाले.